कुलपाची किल्ली कुणाकडे आहे, साहेब?

माननीय मंत्रीमहोदय,
सविनय नमस्कार.

खात्याचं नाव मुद्दामच घातलेलं नाही. गेल्या दोन वर्षांत बेघर बायकांच्या निवाऱ्याच्या या एका कामासाठी मी चार खात्यांचे जिने चढले आणि चारही ठिकाणी "हे आमच्याकडे येत नाही, मॅडम" हेच ऐकून उतरले. तेव्हा ज्यांच्याकडे येत असेल त्यांनी आपलं समजून वाचावं.

8 मार्चला आपण आमच्या शहरात बेघर महिलांच्या निवाऱ्याची फीत कापलीत. दोन खोल्या, चाळीस खाटा, भिंतींना गुलाबी रंग (बायकांचं म्हटलं की गुलाबीच!). माणशी 50 चौरस फूट जागा हवी, असा केंद्राच्या नागरी उपजीविका अभियानाचा नियम आहे, पण शुभप्रसंगी तो काढू नये म्हणून मी तिसऱ्या रांगेत गप्प बसले. "आजपासून या शहरात एकही भगिनी रस्त्यावर झोपणार नाही," असं आपण म्हणालात. टाळ्या मीही वाजवल्या. दुसऱ्या दिवशी मंडपवाला भाड्याच्या गाद्या घेऊन गेला आणि तिसऱ्या दिवशी दाराला कुलूप लागलं. आजही ते तसंच आहे.

एवढ्यावर मी लिहिलं नसतं. तीन निवेदनं आधीच धूळ खात पडली आहेत. पण गेल्या मंगळवारी आपला दौरा होता. आपल्या गाडीच्या काचेतून दिसू नये म्हणून पहाटे साडेचारला पुलाखालची जागा साफ झाली. अतिक्रमणवाल्यांच्या गाडीत एका आजींचं बोचकं गेलं. त्यात दोन लुगडी, बीपीच्या गोळ्या, एक स्टीलचा डबा आणि पिशवीत पिशवी, तिच्यात आणखी एक पिशवी असं गुंडाळलेलं आधार कार्ड होतं. ते काढायला आम्हाला चौदा महिने लागले होते. पत्त्याच्या रकान्यात काय लिहायचं, इथंच आठ महिने गेले. शेवटी माझ्या घराचा पत्ता घातला आणि सोसायटीत "तुमच्याकडे आता कोण कोण राहतं?" हे ऐकून घेतलं. कार्ड गेलं म्हणून मी रडकुंडीला आले होते, आजी मात्र डब्याचंच काढून बसल्या. "झाकण घट्ट बसायचं गं त्याचं. उंदीर नाही शिरायचा."

आता आपल्या लाडक्या बहिणींबद्दल. बेघर बायकांची नावं मी एका वहीत टिपून ठेवते. त्यातल्या एका पस्तिशीच्या बाईचं लाडकी बहीण योजनेचं ई-केवायसी (म्हणजे आधारवरून ओळख पटवणं) करायला बसलो, तर नवऱ्याचं नाहीतर वडिलांचं आधार मागितलं. वडील वारलेत. म्हणजे ज्या नवऱ्याने नेसत्या साडीनिशी बाहेर काढलं, त्याच्या मोबाइलवर ओटीपी येणार आणि तो तिला प्रेमाने वाचून दाखवणार! ज्या टेबलावर ही कल्पना सुचली त्या टेबलाला माझा दंडवत. पुढे सवलत आली, की मृत्यूचा किंवा घटस्फोटाचा कागद दाखवा. हिचा नवरा ठणठणीत आहे आणि घटस्फोट त्याने दिलेला नाही. नुसतं हाकललंय. हाकलल्याचा दाखला कुठल्या तहसीलला मिळतो, साहेब?

"बेघर बायका आहेतच किती?" असं आपले एक अधिकारी मला म्हणाले. 2011 च्या जनगणनेत बेघरांची मोजणी 28 फेब्रुवारीच्या एका रात्रीत उरकली. महाराष्ट्रात दोन लाख दहा हजार निघाले, त्यातले 57 हजारांवर एकट्या मुंबईत. फूटपाथवर आडवा पडलेला माणूस मोजायला सोपा. एकटी बाई मात्र रात्री आडवी पडत नाही. ती मोजणाऱ्यालाच काय, कुणालाच दिसू नये अशी बसते.

हे मला कुणी सर्वेक्षणात सांगितलेलं नाही. 1996 साली तीन वर्षांच्या मुलीला घेऊन मी घर सोडलं. भावाने दार उघडलं, वहिनीने चहा दिला आणि "उद्या परत सोडून येतो" असं ठरलं. मी रात्रीच निघाले. त्यानंतरच्या तीन रात्री एसटी स्टँडवर काढल्या. पहिल्याच रात्री चिवडेवाल्या बाईने शिकवलं: उजेडाखाली बस, मंगळसूत्र पदरावर दिसेल असं ठेव, हातात तिकीट धर. कुणी विचारलं तर पहाटेची गाडी आहे म्हणायचं. मी तेच एक जुनं तिकीट तीन रात्री धरून बसले. घामाने त्यावरची अक्षरं पुसली गेली. कंट्रोलरला कळलं असणार, तो बोलला नाही. लघवीला जायचं तर मुलीला उचला, पिशवी उचला, वर पैसे द्या. बाप्यांची मुतारी तेव्हाही फुकट होती. "राइट टू पी", म्हणजे बायकांनाही फुकट मुतारीचा हक्क, म्हणून 2011 पासून बायका भांडताहेत, तरी आमच्या पुलाजवळचं शौचालय रात्री दहाला बंदच होतं.

आता माझे गुडघे गेलेत. रात्री दोनला फोन आला की मुलगी (तीच ती, आता स्वतः आई आहे) म्हणते, आई, तू किती जणींना पुरणार? हा प्रश्न मला का, आपल्याला का नाही? लाखाला एक निवारा, चोवीस तास उघडा, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये सांगितलंय. आमचं शहर बारा लाखांचं की चौदा, देव जाणे, 2021 ची जनगणना 2021 त झालीच नाही. बाराच धरा, म्हणजे निवारे बारा हवेत. आहेत तीन आणि तिन्ही पुरुषांचे. चौथ्याला आपलं कुलूप. हिंसाचार सोसलेल्या बायकांसाठी सरकारचं सखी केंद्र आहे, तिथं पाच दिवस ठेवतात. सहाव्या दिवशी बाईने काय करायचं, ते कुठल्याच जीआरमध्ये नाही.

निवारा नाही, पण उचलायला कायदा आहे. 1959 चा भिक्षा प्रतिबंधक. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने 2018 मध्ये भीक मागणं हा गुन्हा ठरवणारी कलमं तिथल्यापुरती उडवली, आपल्याकडे अजून चालू आहेत. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्याने बाईला राहत्या घराचा हक्क दिलाय, अर्ज 60 दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न व्हावा असंही त्यात लिहिलंय. माझ्या वहीतल्या एकीचं सहावं वर्ष चालू आहे. तोवर माहेर भावाचं, सासर नवऱ्याचं आणि पूल महापालिकेचा.

3 जानेवारीला सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालताना आपला फोटो पेपरात आला होता. 1863 साली जोतीराव-सावित्रीबाईंनी अडलेल्या विधवांसाठी स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. "या, गुप्तपणे बाळंत व्हा," अशा पाट्या लावल्या होत्या. पाटीवर रहिवासी दाखला जोडण्याबद्दल काही नव्हतं. अनुदानही नव्हतं. आपल्याकडे दोन्ही आहे, शिवाय गुलाबी रंग.

आजी सध्या माझ्या हॉलमध्ये झोपतात. सोसायटीची नोटीस परवाच आली. पंधरा दिवस दिलेत, त्यातले दोन गेले. नवा डबा आणून दिला, पण त्यांना झाकण पसंत नाही.

तेव्हा त्या कुलपाची किल्ली कंत्राटदाराकडे आहे, वॉर्डात आहे की आपल्याकडे, तेवढं कळवा. गाद्या आम्ही गोळा करू. माझा नंबर आपल्या पीएंकडे आहे, त्यांनी तो ब्लॉक केलाय, तो आधी उघडायला सांगा.

आपली,
तिसऱ्या रांगेतली