एक वही, दोन पाळ्या

मा. शिक्षणमंत्री,
गुजरात राज्य, गांधीनगर

स. न. वि. वि.

पत्र मराठीत आहे, कारण बडोद्यातल्या मराठी घरांनीही ते वाचावे असे वाटते. गुजराती प्रत आपल्या कार्यालयाकडे वेगळी धाडली आहे. मागणी एकच आहे: एकाच इमारतीत दोन पाळ्यांत भरणाऱ्या शाळांच्या मुलांना थोडे काम एकत्र करू द्यावे. तिला नवे पद नको, इमारत नको. एक पानी परिपत्रक पुरेल.

बडोद्यात अशा शाळा-इमारती आहेत, जिथे सकाळी एका माध्यमाची शाळा भरते आणि दुपारी दुसऱ्या. बाक तोच, फळा तोच, पाण्याची टाकीही तीच. सकाळच्या मुलीची अर्धी पेन्सिल बाकाच्या खणात राहते आणि दुपारच्या मुलाला सापडते. ती कुणाची हे त्याला कधी कळत नाही. दोन्ही पाळ्या गेटपाशी समोरासमोर येतात ती जेमतेम दहा मिनिटे, आणि गर्दी नको म्हणून शिपाई शिटी मारून तीही आटपतो. एकच बाक आठ वर्षे वापरणारी दोन मुले एकमेकांच्या नावाशिवाय शाळा संपवतात.

यात कुणाचा कट नाही. शिक्षण हक्क कायद्याने शाळा घराजवळ आणली: पाचवीपर्यंत 1 किलोमीटरच्या आत, आठवीपर्यंत 3 किलोमीटरच्या आत. हेतू उत्तम होता. पण आपल्या शहरात वेगवेगळ्या समाजांच्या वस्त्याच वेगळ्या आहेत. 1991 चा अशांत धारा, म्हणजे अशांत क्षेत्रांचा कायदा, जिथे लागू आहे, तिथे घर विकायचे तर कलेक्टरची परवानगी लागते. भीतीपोटी कुणी घर मातीमोलाने विकू नये म्हणून आलेल्या या कायद्याने वस्त्या होत्या तशा गोठल्या. गोठलेल्या वस्तीच्या 1 किलोमीटरच्या आतली शाळा त्या वस्तीसारखीच असणार. माध्यमांनी त्यात आणखी एक भिंत घातली.

संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या 2030 पर्यंतच्या उद्दिष्टांत 4.7 या क्रमांकाखाली लिहिले आहे की, प्रत्येक विद्यार्थ्याला शांततेचे, मानवी हक्कांचे आणि शाश्वत जीवनशैलीचे शिक्षण मिळावे. आपण त्याची तीन प्रकरणे केली. शांततेला एक दिवस दिला, समावेशनाला एक रॅम्प आणि पर्यावरणाला एक धडा. त्या एका दिवशी मुले फेटा, पगडी, टोपी घालून स्टेजवर हात धरून उभी राहतात, फोटो निघतो आणि टोप्या भाड्याने देणाऱ्याकडे परत जातात. यातून मूल एवढेच शिकते की दुसरा म्हणजे वेगळी टोपी.

मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 साली मांडले होते की, नुसते समोरासमोर आणून पूर्वग्रह कमी होत नाहीत. त्यासाठी चार गोष्टी लागतात: दोघांचा दर्जा समान असावा, उद्दिष्ट एक असावे, ते एकमेकांशिवाय पुरे होऊ नये आणि वरिष्ठांचा उघड पाठिंबा असावा. शेवटची गोष्ट आपल्या हातात आहे. उत्तर आयर्लंडने वेगवेगळ्या समाजांच्या शाळा बंद केल्या नाहीत, पण त्यांनी काही तास एकत्र घ्यावेत यासाठी 2016 साली कायदा केला. आपल्याला कायद्याचीही गरज नाही, कारण आपल्या दोन शाळा आधीच एका छपराखाली आहेत.

आम्ही सुचवतो ते असे. दोन्ही पाळ्यांच्या सातवीच्या वर्गांना मिळून एक पर्जन्यमापक द्या आणि त्याची वही एकच ठेवा. सकाळची पाळी साडेआठला मोजेल, कारण हवामान खातेही त्याच वेळी मोजते. दुपारची पाळी पाच वाजता मोजेल. सकाळच्या आकड्यात रात्रीचा पाऊस असतो, दुपारच्या आकड्यात दिवसाचा. चोवीस तासांचा पाऊस काढायचा तर दोन्ही आकडे लागतात. एका पाळीने नोंद चुकवली की दुसऱ्या पाळीचे गणित अडते. मग चौकशी करायला माणूस शोधावा लागतो, आणि त्याला नाव असते.

पर्जन्यमापक विकत आणायची गरज नाही. थंड पेयाची दोन लिटरची बाटली घ्या, वरचा तिसरा हिस्सा कापा आणि तोच उलटा करून नरसाळ्यासारखा तोंडात बसवा. नरसाळे बाटलीच्याच मापाचे हवे. दुकानातले रुंद नरसाळे लावले तर पाऊस फुगतो. बाटलीचा तळ खाचांचा असतो, म्हणून आधी खडे घाला, मग बाजू सरळ होते तिथपर्यंत पाणी भरा आणि तिथे शून्याची खूण करा. वर पारदर्शक पट्टीने फूटपट्टी चिकटवा. कागदाची पट्टी दुसऱ्याच सरीत लोंबते. बाटली विटांच्या कोंडाळ्यात ठेवा, तोंड जमिनीपासून फूटभर वर येऊ द्या, नाहीतर शिंतोडे आत जातात. भिंतीपासून अंतर भिंतीच्या उंचीच्या दुप्पट असावे. बहुतेक शाळांत चूक इथेच होईल, कारण सगळ्यांना बाटली नजरेसमोर, व्हरांड्याच्या कडेला हवी असते आणि तिथे अर्धा पाऊस पागोळ्यांचा असतो. मोजून झाले की पाणी शून्याच्या खुणेवर आणायचे. रविवारनंतर सोमवारचा आकडा शनिवारपासूनचा एकूण म्हणून लिहायचा, अंदाजाने दोन दिवसांत वाटायचा नाही. 31 जुलै 2019 ला शहरात एका दिवसात जवळजवळ 500 मिलिमीटर पडला. तसा पडला तर ही बाटली तीनदा भरून वाहील, हेही वहीच्या पहिल्या पानावर असावे.

महिन्याभराने त्या वहीतून गणित काढता येते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. शाळेची गच्ची 400 चौरस मीटर आणि पाऊस 25 मिलिमीटर, म्हणजे 10,000 लिटर, एक मोठा टँकर. तो जातो कुठे? गच्चीच्या पाइपातून गटारात, गटारातून कांसात, म्हणजे पावसाळी नाल्यात, कांसातून विश्वामित्री नदीत. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री 35 फुटांच्या वर गेली आणि समा, फतेगंज, अकोटा, मुजमहुडा या भागांत पाणी शिरले. दोन्ही पाळ्यांतल्या कितीतरी मुलांच्या घरात ते होते. सर्वोच्च न्यायालयाने 1991 सालीच पर्यावरण शिक्षण सक्तीचे करायला सांगितले, धडेही आले. पण गच्चीचे लिटर काढणारे मूल त्या पुराकडे वेगळ्या नजरेने बघते.

वही रोजची. तिच्या जोडीला पंधरवड्यातून एकदा संयुक्त तास हवा: सकाळच्या वर्गाचा शेवटचा तास आणि दुपारच्या वर्गाचा पहिला तास मिळून नव्वद मिनिटे. रीत नवी नाही. मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी 1971 साली अमेरिकेत ऑस्टिनच्या शाळांत, गोरी आणि काळी मुले नुकतीच एका वर्गात बसू लागली असताना, ती वापरली.

दोन्ही पाळ्यांतली 15-15 मुले घ्या, पाचपाचांचे सहा गट करा. तीन गटांत मुले सकाळ-दुपार-सकाळ-दुपार-सकाळ या क्रमाने बसवा आणि तीन गटांत उलट. गटातल्या पाच जणांना बसल्या क्रमाने पाच वेगवेगळी कार्डे द्या: पावागढापासून ढाढर नदीपर्यंत विश्वामित्रीची वाट, आजवा तलाव, मगर, नदीकाठची कोतरे (घळी), शहरातली गटारे आणि कांस. मग प्रत्येक कार्डवाले सहा जण वेगळे बसतात, आणि वरच्या मांडणीमुळे त्यांत आपोआप तीन सकाळचे, तीन दुपारचे येतात. ते वीस मिनिटे आपल्या कार्डाचा अभ्यास करतात. नंतर सगळे मूळ गटात परततात आणि प्रत्येक जण पाच मिनिटे आपले कार्ड इतर चौघांना समजावतो. शेवटी दहा प्रश्नांची चाचणी. आजव्याची माहिती फक्त त्या एका मुलीकडे आहे. ती अडखळली तरी तिला बोलू देण्यातच बाकीच्यांचा फायदा असतो.

चाचणी एकेकट्याची हवी आणि गुणही ज्याचे त्याचे. गटाला गुण दिले की कच्च्या मुलावर खापर फुटते, आणि ते मूल समोरच्या पाळीतले असेल तर आपण नको तेच शिकवून बसतो. कुणी गैरहजर असेल तर त्याचे कार्ड गटातल्या दुसऱ्याला जास्तीचे द्या. कार्ड गाळू नका. बाक वापरू नका, सतरंजी घाला, कारण बाकावर मुले आली तशी आपापल्यात बसतात. त्या वेळी वर्ग मोकळा नसतोच, तेव्हा प्रार्थनेची जागा बरी.

भाषेचा प्रश्न वाटतो तेवढा अवघड नाही. 2023 च्या कायद्याने गुजराती पहिली ते आठवी सगळ्या शाळांत सक्तीची आहे, तेव्हा समजावणे गुजरातीत होईल. कार्ड मात्र ज्याच्या त्याच्या माध्यमात छापा. मराठी आणि गुजराती मुले पूर म्हणतील, हिंदी माध्यमाची बाढ, उर्दूची सैलाब. मगर मराठीत आणि गुजरातीत मगरच, आणि हिंदी-उर्दूतही तिचे मगरमच्छाच्या पलीकडे काही होत नाही.

त्या मगरींबद्दल एक सूचना. 2025 च्या गणनेत विश्वामित्रीत त्या चारशेहून अधिक निघाल्या. नदी दाखवायची तर डिसेंबर-जानेवारीत, त्या उन्हाला वर येतात तेव्हा, आणि फक्त कठड्याच्या पुलावरून. काठावर एकही मूल उतरता कामा नये, फोटोसाठीही नाही.

आता रॅम्प. व्हीलचेअरवरचे मूल संयुक्त तासाला आलेच नाही तर वरचे सगळे फोल. नियम 1:12 चा आहे. जोते 45 सेंटिमीटर उंच असेल तर रॅम्प 5.4 मीटर लांब हवा. अंगणात जागा नाही म्हणून दोन मीटरचा केला की तो चढ नाही, घसरगुंडी होते. चढताना खुर्ची मागे उलटते, म्हणून दोन मुले ती उचलतात आणि शाळेच्या माहितीत ‘रॅम्प आहे’ अशी टिक होते. जागा कमी असेल तर मध्ये दीड मीटरचा सपाट टप्पा देऊन रॅम्प वळवता येतो. विशेष शिक्षकांचे प्रमाण सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली ठरवून दिले: प्राथमिकला 10 दिव्यांग मुलांमागे एक, त्यापुढे 15 मागे एक. ते शिक्षक मिळेपर्यंत एवढे तरी करता येईल की संयुक्त तास तळमजल्यावरच घ्यावा, ज्या मुलाला दिसत नाही त्याचे कार्ड आदल्या दिवशी वाचून दाखवावे आणि ज्याला ऐकू येत नाही त्याच्या गटाला भिंतीकडचा शांत कोपरा द्यावा.

पालकांची भीती खरी आहे आणि तिला उपदेश करून उपयोग नाही. शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक असतात. दोन्ही समित्यांची एक संयुक्त बैठक पहिल्या तासाच्या आधी घ्या, नंतर नको. त्या बैठकीत कार्डे हातात द्या. मगर आणि गटार पाहून बरीच शंका तिथेच विरते. तासाला कुणी ‘तुमच्यातले’ म्हणाले तर शिक्षकाने व्याख्यान देऊ नये. ‘कार्ड तीनचं कोण सांगतंय?’ एवढे विचारावे.

संयुक्त तासानंतर मध्यान्ह भोजन एकत्र व्हावे. दोन पाळ्यांचे जेवण वेगळ्या वेळी येते, म्हणून त्या दिवसाचा आकडा आणि वेळ आदल्या दिवशी कळवावी लागेल. हा तपशील परिपत्रकात नसेल तर पहिल्याच वेळी एका पाळीची ताटे रिकामी राहतील आणि योजना तिथेच बदनाम होईल.

खर्च म्हटला तर तक्ते, कार्डे, सतरंज्या. समग्र शिक्षा योजनेतल्या इको क्लबसाठी उच्च प्राथमिक शाळेला वर्षाला 15,000 रुपयांपर्यंत तरतूद आहे. ती जूनमध्ये हातात पडावी, मार्चमध्ये नव्हे. मार्चमध्ये आलेल्या पैशाचे बॅनर होतात.

सयाजीराव महाराजांनी सक्तीचे शिक्षण 1893 साली आधी फक्त अमरेली तालुक्यात करून पाहिले, चुका दुरुस्त केल्या आणि 1906 साली सगळ्या राज्यात नेले. याच बडोद्याने 1913 साली बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबियाला जायला शिष्यवृत्ती दिली, आणि 1917 साली ते नोकरीवर परत आले तेव्हा याच बडोद्यात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. शिष्यवृत्ती दरबाराने दिली होती, खोली शेजाऱ्यांनी द्यायची होती.

तेव्हा विनंती अशी की, यंदा बडोद्यातल्या दोन पाळ्यांच्या दहा इमारती निवडाव्यात. परिपत्रकात पाच गोष्टी असाव्यात: एक वही, पंधरवड्याचा संयुक्त तास, समित्यांची आधीची बैठक, जेवणाची वेळ, आणि दोन्ही मुख्याध्यापकांची नावे व सह्या एकाच कागदावर. किमान आठ संयुक्त तास झाल्याशिवाय अहवाल मागू नये, कारण पहिले दोन-तीन अवघडलेलेच जातील. फोटो तर मागूच नयेत. अहवालासोबत वहीची झेरॉक्स मागवावी. तिच्यात दोन हस्ताक्षरे आलटून पालटून दिसली तर काम चालू आहे असे समजावे.

पाऊस जूनच्या मध्याला येतो. बाटली कापायला अर्धा तास लागतो, परिपत्रक निघायला किती लागतो ते आपण जाणता.

आपले,
बडोद्यातील काही मराठीभाषक शिक्षक आणि पालक