आपल्या शाळेतल्या मुलांना उत्तरं नकोत, सोबत हवी आहे

सप्रेम नमस्कार,

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातल्या आपल्या गावच्या मराठी प्राथमिक शाळेची सुधारणा समिती आणि माजी विद्यार्थी मिळून हे आवाहन करत आहोत. यात्रेला, लग्नकार्याला गावी आलेल्यांनी आणि पुण्या-मुंबईत, गोव्यात कामाला असणाऱ्यांनीही ते वाचावं.

गेल्या जुलैत चौथीतल्या एका मुलीनं वर्गात विचारलं, "बाई, रताळ्याची वेल नुसत्या पाण्यात ठेवली तर रताळी लागतील?" बाईंनी हो-नाही काहीच सांगितलं नाही. "कसं बघायचं ते तुम्हीच ठरवा," म्हणाल्या. मुलांनी घरून बाटल्या आणल्या. काही तुकड्यांची पेरं पाण्यात बुडवली, काहींची वर ठेवली. चार-पाच दिवसांत बुडालेल्या पेरांपाशी पांढरी मुळं दिसू लागली. रताळी लागली नाहीत, पण प्रश्न वाढत गेले. एकाचे आजोबा शाळेत येऊन सांगून गेले, की वेल पसरली की उचलून परतवावी लागते, नाहीतर ती जागोजागी मुळं धरते आणि बुडातलं रताळं पोसत नाही. मुलांनी तेही करून बघायचं ठरवलं. शाळेमागं दोन वरंबे केले. एकावरची वेल उचलायची, दुसऱ्यावरची तशीच ठेवायची.

दिवाळीनंतर काढणी झाली. किराणा दुकानातला तराजू मागून आणला. उचललेल्या वेलींची रताळी जास्त भरली आणि वर्गात एकच गलका झाला. तेवढ्यात एक मुलगा म्हणाला, "पण तिकडं वेली बारा होत्या, इकडं नऊच." सगळे गप्प. बाईंच्या हे आधीच लक्षात आलं होतं, तरी त्या थांबल्या होत्या. ते थांबणं फार अवघड असतं. आम्हा पालकांना तर ते घरी एकदाही जमत नाही. मग तासभर भागाकार चालले. दर वेलीमागं फरक अगदीच थोडा निघाला. यंदा दोन्हीकडं सारख्याच वेली लावायच्या, हे मुलांनीच वहीत लिहून ठेवलंय. त्याच पानावर रताळ्याचं कन्नड नावही आहे, 'गेणसु'.

येत्या जूनपासून पाऊसही मोजायचा आहे. सरळ कडांची बाटली वरून कापायची, कापलेला भाग उलटा बसवायचा, तळात खडे आणि पाणी घालून शून्याची खूण करायची. नोंद रोज सकाळी साडेआठला. हवामान खात्याची वेळही तीच. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटर जागेवर १ लिटर पाणी. छप्पर ६० चौरस मीटरचं धरलं, तर १० मिलिमीटर पावसात ६०० लिटर पाणी पागोळ्यांनी वाहून जातं. ते कुठं जातं, हा पुढचा प्रश्न मुलांना पडेलच.

यासाठी महागडी साधनं लागत नाहीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा शिंपले, बिया, पानं यांतूनच मुलं शिकली.

आपल्या शाळेत वर्ग पाच आणि शिक्षिका दोन. एक गट शेतात, दुसरा बाटल्यांपाशी असला की तिसऱ्याजवळ थांबायला कुणी नसतं. म्हणून सगळ्यात आधी माणसं हवीत. शनिवारी सकाळी दोन तास, महिन्यातून एकदा आलात तरी चालेल. शेतकरी, गवंडी, सुतार, परिचारिका, निवृत्त शिक्षक, कुणीही. शिकलेलं असण्याची अट नाही. अट एकच: उत्तर सांगायचं नाही. "काय दिसलं? कशावरून म्हणतोस? आता काय करून बघूया?" एवढंच विचारायचं.

वस्तूंमध्ये १५ भिंगं, ५ किलोचा तराजू, चार तापमापक, मोजपट्ट्या, ४२ मुलांना प्रत्येकी दोन वह्या आणि मराठीतली पक्षी-झाडांची चित्रमय पुस्तकं हवी आहेत. गुरं आत शिरतात म्हणून वाफ्याला कुंपणही घालायचं आहे. सगळा खर्च सुमारे २०,००० रुपये. घरातला जुना पण चालू तराजू किंवा वाचून झालेली पुस्तकंही आनंदानं घेऊ.

रक्कम किंवा वस्तू शाळेत मुख्याध्यापिकांकडे द्यावी आणि पावती जरूर घ्यावी. जमाखर्च शाळेच्या फलकावर लावला जाईल. शनिवारी येऊ शकणाऱ्यांनी ३१ मेपूर्वी नाव नोंदवावं. वेली जूनअखेर लावायच्या आहेत. त्या दिवशी खुरपं घेऊन आलात तर फार बरं होईल.

आपली,
शाळा सुधारणा समिती व माजी विद्यार्थी