जुन्या संगणकांचे निर्लेखन करण्याआधी : शालेय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : अनुदानित शाळांतील जुने संगणक मोडीत न काढता त्यांवर योग्य ते हलके लिनक्स बसवण्याबाबत.

महोदय,

मायक्रोसॉफ्ट कंपनीने 14 ऑक्टोबर 2025 नंतर विंडोज 10 ला मोफत सुरक्षा अद्यतने देणे बंद केले. लालबाग, परळ, शिवडी या पट्ट्यातल्या ज्या मराठी शाळांच्या संगणकांची देखभाल माझ्याकडे आहे, तिथल्या मुख्याध्यापकांचा पहिला प्रश्न तेव्हापासून ठरलेला असतो : ही यंत्रे आता निर्लेखनाला लावायची का? विंडोज 11 साठी टीपीएम 2.0 ही सुरक्षा व्यवस्था आणि किमान चार जीबी मेमरी (रॅम) लागते, शिवाय प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असावा लागतो. या अटींत बसणारी यंत्रे आमच्या शाळांच्या संगणक कक्षांत शोधावी लागतात. शिक्षणसंस्थांना सवलतीच्या दरात जादा अद्यतने विकत घेण्याची सोय कंपनीने ठेवली आहे हे खरे; पण ती फार तर तीन वर्षांची आहे, आणि 2028 साली हाच प्रश्न याच टेबलावर पुन्हा येईल.

लिनक्स ही विंडोजच्या जागी चालणारी मोफत, मुक्त यंत्रणा आहे आणि तिचे अनेक प्रकार मिळतात. या यंत्रांपैकी बहुतेकांवर योग्य ते लिनक्स बसवून ती आणखी काही वर्षे वर्गात वापरता येतील, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र तसा आदेश काढायचा झाल्यास त्यात एकाच लिनक्सचे नाव घालून ते सरसकट सर्व शाळांवर लादू नये, ही माझी मुख्य विनंती आहे. कोणते यंत्र कोणत्या लिनक्सला झेपेल हे मेमरी आणि प्रोसेसर पाहून ठरते, आणि ही दोन माहिती जडवस्तू संग्रह नोंदवहीत सहसा नसते. तिथे 'संगणक संच, नग 10' एवढेच लिहिलेले असते.

'हलके' या विशेषणाने मोठी फसगत होते. इंटरनेटवर शोधले तर काही मेगाबाइटांत मावणाऱ्या टायनी कोअरपासून पेन ड्राइव्हवरून थेट मेमरीत चढणाऱ्या पपी लिनक्सपर्यंत अनेक नावे दिसतात, आणि एखादा हौशी शिक्षक त्यातले सर्वांत लहान ते उचलतो. पपी हे तसे फार कल्पक काम आहे, पण त्यात वापरकर्ता मुळातच सर्वाधिकारी म्हणून प्रवेश करतो. पन्नास मुलांच्या वर्गात अशी यंत्रणा ठेवणे म्हणजे कार्यालयाच्या कपाटाच्या किल्ल्या मधल्या सुट्टीत खिडकीत ठेवण्यासारखे आहे. घरी एखादे मरणपंथाला लागलेले यंत्र उठवायचे असेल तर ते जरूर वापरावे, शाळेसाठी नव्हे.

शिवाय मेमरीचा खरा भार डेस्कटॉपचा, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या आणि मेन्यू दाखवणाऱ्या भागाचा, नसून ब्राउझरचा असतो. एलएक्सक्यूटी किंवा एक्सएफसीई हे डेस्कटॉप ग्नोमपेक्षा बरेच कमी खातात, ही गोष्ट महत्त्वाची आहेच. पण त्यांनी वाचवलेली मेमरी यूट्यूबवरचा एक धडा आणि दोन-तीन टॅब उघडले की संपते. दोन जीबीच्या यंत्रावर 'इंटरनेटवर आधारित अध्यापन' होईल असे आश्वासन कोणताही पुरवठादार देत असेल, तर त्याला ते वर्गात बसून करून दाखवायला सांगावे. त्याच यंत्रावर लिब्रेऑफिसमध्ये निबंध टंकणे, हिशेबाचा तक्ता करणे, टक्स पेंटमध्ये चित्र काढणे किंवा पायथन या प्रोग्रामिंग भाषेचे पहिले धडे गिरवणे मात्र उत्तम चालते, आणि आमच्या संगणकाच्या तासिकांत मुले बहुतांशी हेच करतात.

माझा अनुभव आणि उपलब्ध माहिती यांवरून मी पुढीलप्रमाणे निवड करतो. चार जीबी किंवा अधिक मेमरी असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती बसवावी. तिचा चेहरामोहरा विंडोजवर हात बसलेल्या शिक्षकांना परका वाटत नाही, आणि 22 क्रमांकाच्या मालिकेला 2029 पर्यंत अद्यतने मिळणार आहेत. दोन जीबीवर मिंट चालते असे त्याचे कर्तेही म्हणतात, पण चार असावेत अशी शिफारसही तेच करतात, आणि ही शिफारस प्रामाणिक आहे. दोन जीबीसाठी मी डेबियन हे लिनक्स घेतो, त्यावर एलएक्सक्यूटी ठेवतो आणि मेमरीतला मजकूर दाबून बसवणारी झेडरॅम ही सोय सुरू करतो. अनेकजण इथे लुबंटू सुचवतील. ते वाईट नाही, तथापि त्यात फायरफॉक्स 'स्नॅप' या पॅकेजच्या रूपात येतो आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर तो पहिल्यांदा उघडेपर्यंत वर्गात गलका सुरू होतो. लुबंटूच्या 24.04 आवृत्तीचा आधारही एप्रिल 2027 ला संपतो, तर ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या डेबियन 13 ला दीर्घकालीन आधार धरून 2030 पर्यंत अद्यतने मिळतील. शाळेत यंत्रणा वारंवार बदलायला कोणाला वेळ नसतो. म्हणून आधार किती वर्षे आहे हा निकष मी वेगाच्याही आधी ठेवतो.

एक जीबी मेमरीच्या आणि 32-बिट या जुन्या रचनेच्या प्रोसेसरच्या यंत्रांविषयी वेगळे सांगायला हवे, कारण तिथे दारे एकेक करून बंद होत आहेत. क्रोमने 32-बिट लिनक्सचा आधार 2016 सालीच काढला. डेबियन 13 च्या 32-बिट स्थापना प्रती निघालेल्याच नाहीत. फायरफॉक्सनेही 2025 मध्ये 144 क्रमांकाच्या आवृत्तीनंतर 32-बिट लिनक्ससाठी नव्या आवृत्त्या काढणे थांबवले. अशा यंत्रांवर अँटीएक्स हे लिनक्स किंवा डेबियन 12 चालते, आणि डेबियन 12 चा दीर्घकालीन आधार 2028 च्या जूनपर्यंत आहे. पण त्यांना इंटरनेटला न जोडता टंकलेखनाच्या सरावासाठीच ठेवावे, आणि त्यानंतर खुशाल निर्लेखन करावे. सगळेच जुने वाचवले पाहिजे असा माझा हट्ट नाही.

परंतु महोदय, 32-बिट म्हणून नोंदवलेली यंत्रे मुळात 32-बिट असतातच असे नाही, आणि याच टप्प्यावर चांगली यंत्रे भंगारात जातात. दोन जीबी मेमरी आहे म्हणून त्या काळी पुरवठादारांनी विंडोज 7 ची 32-बिट आवृत्ती चढवली. आत कोअर टू ड्युओ किंवा त्याच्या पिढीतला पेंटियम, म्हणजे पूर्णपणे 64-बिट प्रोसेसर आहे. तपासणीला येणारा माणूस 'सिस्टीम' ची खिडकी उघडतो, तिथे '32-बिट' असे वाचतो आणि शेरा मारून निघून जातो. खरी माहिती हवी असेल तर पेन ड्राइव्हवरून लिनक्स नुसते चालू करावे, काहीही न बसवता, आणि टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीत, 'एलएससीपीयू' (lscpu) ही आज्ञा द्यावी. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत '32-बिट, 64-बिट' असे दोन्ही दिसले की त्या यंत्राचे आयुष्य वाढले. या कामाला काही मिनिटे लागतात आणि पैसा लागत नाही.

आता खर्चाविषयी. लिनक्सला परवाना शुल्क नाही म्हणून खर्च शून्य, असे जे सांगितले जाते ते अर्धसत्य आहे. जुन्या यंत्राचा वेग सर्वांत जास्त वाढतो तो हार्ड डिस्क काढून एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) बसवल्याने; कोणत्याही हलक्या लिनक्सने होणार नाही एवढा फरक त्याने पडतो. लॅमिंग्टन रोडवर जुन्या बोर्डांना चालणारी डीडीआर3 मेमरी आजही मिळते, बऱ्याचदा वापरलेली आणि दुकानदाराच्या शब्दावर. नव्या संचाच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे, पण तो शाळेच्या कोणत्या शीर्षाखाली टाकायचा हे मुख्याध्यापकांना कळत नाही. नवीन खरेदीसाठी निधी येतो, दुरुस्तीसाठी येत नाही. मग शाळा नाइलाजाने नव्या खरेदीची वाट पाहत बसते.

मुंबईच्या हवेचाही हिशेब धरावा लागतो. समुद्राकाठची दमट, खारी हवा आणि मे महिन्याची लांब सुट्टी यांमुळे जूनमध्ये कक्ष उघडला की काही यंत्रे सुरूच होत नाहीत, नुसती शिट्टी वाजवतात. मेमरीची पट्टी काढून तिचे सोनेरी दात साध्या खोडरबराने पुसले आणि पुन्हा घट्ट बसवली की त्यातली कितीतरी उठतात. काही यंत्रे सुरू होतात, पण कोणतेही संकेतस्थळ उघडत नाही. ब्राउझर 'तुमची जोडणी सुरक्षित नाही' असे बजावतो. कोपऱ्यातल्या घड्याळात पाहिले तर वर्ष 2009 असते. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपल्याने यंत्र तारीख विसरते, आणि संकेतस्थळांची सुरक्षा प्रमाणपत्रे त्या तारखेला अस्तित्वातच नसल्याने ब्राउझर ती नाकारतो. एका शाळेत याच कारणासाठी पूर्ण कक्ष 'व्हायरसग्रस्त' म्हणून कुलूपबंद ठेवलेला मी पाहिला आहे. सीआर2032 या बॅटरीची किंमत वडापावाच्या हिशेबात मोजता येते.

भाषेची परीक्षा मात्र कोणतेही लिनक्स निवडण्याआधी घ्यावी, कारण निवड समित्यांत ती हमखास राहून जाते. कळफलकांच्या यादीत सुधारित इनस्क्रिप्ट मराठी घ्यावा आणि शिक्षकाला 'सुऱ्या', 'वाऱ्यावर' आणि 'ॲल्युमिनियम' हे तीन शब्द टंकायला सांगावेत. नुक्त्याच्या ऱ पासून होणारा आडवा रफार नीट उमटला आणि 'ॲ' अ वर चंद्र घेऊन एकसंध दिसला, तर कळफलक आणि फॉन्ट दोन्ही ठीक आहेत. नोतो, लोहित किंवा मुंबईतच घडलेला मुक्त हा फॉन्ट ठेवला की अडचण येत नाही. महानगरपालिकेच्या शाळा तर मराठीखेरीज हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी माध्यमांतही चालतात. त्या सगळ्यांना एकाच यंत्रणेत आपापला कळफलक जादा पैसे न देता मिळतो, ही लिनक्सची बाजू मला वेगापेक्षा जास्त वजनदार वाटते.

शाळेच्या कार्यालयातल्या संगणकाला मात्र पहिल्या टप्प्यात हात लावू नये. लिपिकांकडे श्रीलिपी आणि कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेली वर्षानुवर्षांची पत्रे आहेत, वेतनाच्या आणि यू-डायसच्या (शाळांच्या माहिती नोंदणीच्या) कामाच्या तारखा आहेत, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन आहे आणि एक असा लेझर प्रिंटर आहे ज्याचा लिनक्सवरील ड्रायव्हर बसवताना माझ्यासारख्याचाही घाम निघतो. या यंत्राला नवे विंडोज हवे असेल तर ते विकत द्यावे. लिपिकाचे काम एक दिवस अडले की त्या शाळेत लिनक्सचे नाव पुढची दहा वर्षे निघत नाही.

हे राज्यपातळीवर होऊ शकते का, अशी शंका आपले अधिकारी घेतील. केरळने 'आयटी ॲट स्कूल' हा प्रकल्प 2001 मध्ये सुरू केला, पुढे तो पूर्णपणे मुक्त सॉफ्टवेअरवर नेला, आणि आज त्याचाच वारसा चालवणारी 'काइट' ही संस्था उबंटूवर आधारलेली स्वतःची यंत्रणा शाळांना देते. तिथे आधी शिक्षकांना शिकवले गेले आणि पाठ्यपुस्तकेही त्याच सॉफ्टवेअरला धरून लिहिली गेली. नुसती सीडी वाटून हे झालेले नाही. आपल्याकडे सी-डॅक या सरकारी संस्थेचे 'बॉस' हे लिनक्स आहे, आणि केंद्र सरकारचे मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण 2015 पासून कागदावर आहे. बॉस देशी आहे म्हणून थेट निवडावे असे मी म्हणणार नाही. वर सांगितलेल्या मेमरीच्या, आधाराच्या आणि कळफलकाच्या कसोट्या त्यालाही लावाव्यात. प्रशिक्षणाचे साहित्य तर पवईत तयार आहे : आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिब्रेऑफिसचे धडे मराठी निवेदनासह विनामूल्य उपलब्ध आहेत, आणि माझ्या माहितीतल्या शिक्षकांना त्यांचा पत्ताही नसतो.

तेव्हा माझ्या मागण्या लहान आहेत. मुंबई विभागाच्या शिक्षण उपसंचालकांमार्फत शाळांकडून प्रत्येक संगणकाची मेमरी, प्रोसेसरचे नाव आणि डिस्कचा प्रकार मागवावा. ही माहिती येईपर्यंत केवळ 'विंडोज 11 चालत नाही' या कारणासाठी निर्लेखनाचे प्रस्ताव मंजूर करू नयेत. एसएसडी, मेमरी आणि बॅटरी यांचा खर्च आयसीटी (संगणक शिक्षणाच्या) अनुदानातून करण्यास लेखी मुभा द्यावी. प्रत्येक शाळेतल्या एका शिक्षकाला दोन दिवसांचे प्रशिक्षण द्यावे, आणि ते दिवस परीक्षांच्या किंवा निवडणुकीच्या कामात धरू नयेत. यंत्रणा बसवण्याचे कंत्राट कोणाला द्यायचेच असेल, तर देयक मंजूर करण्याआधी कंत्राटदाराने वर्गात सर्व यंत्रे एकाच वेळी सुरू करून त्यांवर मराठीत एक परिच्छेद टंकून दाखवावा, ही अट निविदेत घालावी.

माहिती मागवण्याचा नमुना एक पानाचा असावा, आणि त्यात 'चालू' व 'बंद' यांच्या जोडीला 'तपासले नाही' असाही एक रकाना ठेवावा. बहुतेक यंत्रांची खरी स्थिती आज तीच आहे.

कळावे,

आपला विश्वासू,
संगणक दुरुस्तीचा व्यवसाय करणारा एक नागरिक,
लालबाग, मुंबई.