पित्ताची गोळी चहानंतर नको

महोदय,

पुण्यातल्या कुठल्याही औषधाच्या दुकानात सकाळी थोडा वेळ उभे राहिले की एक वाक्य हमखास कानावर पडते : ‘दोन महिने गोळी चालू आहे, पण घशाशी येणे थांबत नाही, जरा स्ट्राँग द्या.’ अशा वेळी गोळी बदलण्याआधी ती कधी घेतली जाते, हे विचारायला हवे. चिठ्ठीवर बहुधा ‘1-0-0’ एवढेच असते. त्यातून सकाळ कळते. उपाशीपोटी की खाऊन, ते कळत नाही. मग चहा-पोहे उरकल्यावर बीपीच्या गोळीबरोबर तीही घेतली जाते.

पँटोप्राझोल, राबेप्राझोल, ओमेप्राझोल ही औषधे पोटात साचलेले आम्ल मारत नाहीत. जठरातले आम्ल तयार करणारे पंप ती बंद करतात, आणि तेही फक्त त्या वेळी चालू असलेले. पंप चालू होतात ते खायला लागल्यावर. औषध रक्तातून काही तासांतच निघून जाते, म्हणून घास पोटात जाईल तेव्हा ते तिथे हजर हवे. नाश्त्याच्या 30 ते 60 मिनिटे आधी, साध्या पाण्याबरोबर. दुधाचा चहासुद्धा खाण्यातच धरावा. गोळी घेऊन नाश्ताच न करणे हीही तेवढीच चूक. गोळी चावू किंवा कुटू नये. तिच्यावरचे आवरण जठरातल्या आम्लापासून औषध वाचवण्यासाठी असते. पूर्ण गुण यायला तीन ते पाच दिवस लागतात, त्यामुळे ‘जळजळले की एक’ ही पद्धत इथे चालत नाही.

रात्रीचा त्रास पलंगानेही कमी होतो. उशांची चळत लावली की माणूस पोटात दुमडतो आणि दाब उलट वाढतो. पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली 15 ते 20 सेंटिमीटर उंचीचे भक्कम लाकडी ठोकळे ठेवावेत, डाव्या कुशीवर झोपावे. साडेदहाला जेवून अकराला आडवे होणाऱ्याला कोणतीच गोळी पुरी पडणार नाही. मध्ये तीन तास हवेत.

हे सगळे आठ आठवडे नीट करूनही फरक नसेल, तर मुळात हे आम्लच आहे का, हा प्रश्न येतो. आपल्या ‘पित्त’ या एका शब्दात छातीतली जळजळ, अर्धे डोके दुखून होणारी उलटी आणि अंगावर उठणाऱ्या गांधी, सगळेच मावते. डोके दुखून उलटी होणे पुष्कळदा मायग्रेन असते. तेलकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येऊन तासन्‌तास टिकत असेल, तर पित्ताशयातल्या खड्यांसाठी सोनोग्राफी करावी. गुडघेदुखीसाठी रोज डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक चालू असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरातल्या जंतूसाठी श्वासाची किंवा शौचाची तपासणी करायची असल्यास डॉक्टरांना विचारून पित्ताची गोळी दोन आठवडे आधी बंद ठेवावी लागते, नाही तर जंतू असूनही अहवाल ‘निगेटिव्ह’ येऊ शकतो. गिळताना अडकणे, काळी शौच, रक्ताची उलटी, वजन उतरणे, हिमोग्लोबिन घटणे यांतले काही असेल, तर थेट डॉक्टर गाठावा. छातीत दाब आणि घाम आला, तर सोड्याची पुडी पीत बसू नये, आधी ईसीजी.

आणखी एक काळजीची गोष्ट. नावापुढे ‘डीएसआर’ किंवा ‘एलएसआर’ असलेल्या कॅप्सूल पित्ताच्या म्हणून महिनोन्‌महिने घेतल्या जातात. पहिलीतल्या डॉम्पेरिडोनने काहींच्या हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, तर दुसरीतल्या लेवोसल्पिराइडने, विशेषतः वयस्कांमध्ये, हात थरथरणे आणि हालचाल मंदावणे सुरू होऊ शकते. साधी पँटोप्राझोलही कित्येक महिने चालली असेल तर एकदम तोडू नये. आम्ल काही आठवडे उसळून येते आणि ‘गोळीशिवाय जमतच नाही’ असा समज होतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा 40 वरून 20 मिलिग्रॅम, मग दिवसाआड, अशी उतरवावी. शाकाहारी माणसाने वर्षानुवर्षे ती घेतली असेल, तर बी-12 तपासून घ्यावे.

डॉक्टरांनी ‘1-0-0’पुढे आणि औषध विक्रेत्यांनी पाकिटावर पेनने ‘नाश्त्याआधी अर्धा तास’ एवढे तीन शब्द लिहावेत, ही कळकळीची विनंती.

– एक फार्मासिस्ट, पुणे