उस्ताद, तुमचा तो छोटा बल्ब

उस्ताद, सलाम.

त्या दिवशी रेणापूरच्या अलीकडे गाडी बंद पडली तेव्हा मागच्या सीटवर आई होती. लातूरला तिच्या डायलिसिसची वेळ ठरलेली. गाडी चालू व्हायची, दोन सेकंदांत बंद. मीटरवर चावीचं लाल चित्र लुकलुकत होतं. आधी दाखवलं तिथं सांगितलं होतं, "इमोबिलायझरचं युनिट गेलं, नवीन टाका." म्हणजे चोरी होऊ नये म्हणून खरी चावी ओळखल्याशिवाय इंजिन चालू न देणारी यंत्रणा. दुसऱ्या एकाने तर सिस्टीमच बायपास करून देतो म्हणून सांगितलं.

तुम्ही पहिल्यांदा आईसाठी खुर्ची टाकली, पाणी दिलं. मग दुसरी चावी मागितली. तिनेही तेच झालं, म्हणजे दोष चावीत नाही. फ्यूज चांगला. युनिटचा प्लग काढून मीटर लावला तर 12.4 व्होल्ट. मी म्हणालो, करंट तर येतोय. तेव्हा तुम्ही बोललात ते अजून कानात आहे: "मोकळ्या वायरीवर व्होल्ट दिसतातच, भाऊ. ओझं टाकून बघू."

पार्किंगचा 5 वॅटचा बल्ब प्लगला जोडला, तर तो मिणमिणला. मीटर 7.5 वर आला. बल्ब पेटता ठेवूनच तुम्ही बॅटरीच्या प्लसपासून प्लगच्या प्लसपर्यंत मोजलं: 0.1. मायनसपासून अर्थिंगच्या, म्हणजे करंट परत नेणाऱ्या, वायरीपर्यंत मोजलं: 4.8! जवळजवळ पाच व्होल्ट अर्थिंगमध्येच खपत होते. ड्रायव्हरच्या पायाशी गालिचा उचलला, तर पावसाळ्यात मुरलेल्या पाण्याने अर्थिंगच्या बोल्टवर हिरवट थर धरलेला. पॉलिश पेपरने घासून, वॉशर बदलून बोल्ट आवळलात. परत मोजलं तर 0.05. पाणी कुठून शिरतं तेही शोधून बंद केलंत.

चावीतल्या चिपला स्वतःची बॅटरी नसते, लॉकभोवतीच्या कॉइलमधूनच तिला शक्ती मिळते, हे मला तुमच्याकडूनच कळलं. युनिटला पुरेसे व्होल्ट नाहीत, तर कॉइल कमजोर. चिपचं उत्तर येत नाही आणि इंजिनचं डिझेल तोडलं जातं. चावी खरी असून गाडी तिला ओळखत नव्हती.

बायपासचं मी विचारलं तेव्हा तुम्ही साफ नाही म्हणालात. "ज्यासाठी बसवलंय तेच काढून टाकायचं का?" चांगलं युनिट बदलायला लावून माझे हजारो रुपये सहज घेता आले असते. तुम्ही 300 घेतले, आणि आई वेळेत पोहोचली. ते उपकार मी पैशात मोजू शकत नाही.

तसाच एक बल्ब दोन वायरी जोडून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलाय. परवा चुलत्याच्या पिकअपचं हेडलाइट मंद होतं. तुमच्यासारखंच मोजलं, तिथंही अर्थिंगच निघालं.

गुरुवारी आईला घेऊन जाणार आहे. शेतातले हरभऱ्याचे ढाळे घेऊन येतो. आई म्हणते, त्या पोराला माझ्या हातानं देणार.

तुमचा,
पांढऱ्या गाडीवाला