ताई, त्या एका प्रश्नासाठी थँक्यू

ताई,

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही हे माहितीये. पण थँक्यू मात्र सगळ्यांसमोरच म्हणायचंय, कारण मेडिकल डिव्हाइसच्या मोठ्या कंपनीची ऑफर हातात घेऊन माझ्यासारखं रात्र रात्र जागणारं अजून कोणीतरी नक्की असेल, आणि तुम्ही मला जे सांगितलंत ते त्यांच्यापर्यंतही पोचावं असं मनापासून वाटतं.

तुम्हाला फोन केला तेव्हा दोन आठवडे माझं काहीच ठरत नव्हतं. ऑफर इन्फ्युजन पंपाच्या सॉफ्टवेअर टीमची, म्हणजे शिरेतून औषध किती वेगाने जायचं ते सांभाळणारं मशीन. पगार चांगला, कंपनी जगभर पसरलेली, घरचे खूश. आणि माझ्या डोक्यात एकीकडे डीप्यू कंपनीचे ते मेटल-ऑन-मेटल हिप, म्हणजे धातूवर धातू बसणारे खुब्याचे कृत्रिम सांधे, जगभरात साधारण ९३ हजार लोकांना बसवून झाल्यावर २०१० मध्ये परत मागवलेले. दुसरीकडे स्वीडनचे आर्ने लार्सन, ज्यांना १९५८ मध्ये शरीराच्या आत बसवायचा पहिला पेसमेकर लावला, तो काही तासांतच बंद पडला, तरी पुढे वीसहून जास्त पेसमेकर बदलत ते २००१ पर्यंत जगले. दोन्ही एकाच धंद्यातलं. मग मी यातल्या कशात सामील होणार हेच कळेना, म्हणून तुम्हाला विचारलं, "कंपनी चांगली आहे का हो?"

तुम्ही हो पण म्हणाला नाहीत आणि नाही पण. तुम्ही उलट विचारलंत, "तिथे आलेली तक्रार पुढे कुठे जाते, माहितीये का तुला?"

खरं सांगते, तेव्हा जरा हिरमुसले. मला वाटलं होतं सतरा वर्षं याच लाइनमध्ये काढलेली बाई एका वाक्यात सांगून मोकळी होईल. त्याऐवजी तुम्ही मला थेरॅक-२५ ची गोष्ट सांगायला घेतलीत आणि मी मनात म्हटलं, ही तर मला पाठ आहे, कॉलेजात रेस कंडिशन, म्हणजे दोन कामांची वेळ जुळली नाही की होणारी सॉफ्टवेअरची चूक, शिकवताना हेच उदाहरण होतं. कॅनडाच्या एईसीएल कंपनीचं कॅन्सरवर रेडिएशन द्यायचं मशीन, १९८५ ते १९८७ मध्ये सहा पेशंटना भयंकर जास्त डोस गेला, सॉफ्टवेअरमध्ये बग होता, संपलं.

तुम्ही ती वेगळीकडून सांगितलीत. टेक्ससमधल्या टायलरच्या हॉस्पिटलात मार्च १९८६ मध्ये पेशंट भाजला, स्क्रीनवर फक्त 'मालफंक्शन ५४' एवढंच. कंपनीचे इंजिनिअर आले, तपासलं, त्यांना काही सापडलं नाही, मशीन परत सुरू झालं. आणि पहिल्या अपघाताला तीन आठवडे होतायत तोच दुसरा पेशंट, तोच मेसेज. मग त्या हॉस्पिटलचे फिजिसिस्ट फ्रिट्झ हेगर आणि मशीन चालवणारी ऑपरेटर असे दोघं मशीनसमोर बसले आणि तिने त्या दिवशी काय काय दाबलं ते पुन्हा पुन्हा करत राहिले, जोवर तो मेसेज परत येत नाही तोवर. ती सवयीने भराभर टाइप करून चूक दुरुस्त करायची, त्या वेगातच बग लपला होता. त्याआधीच्या वर्षीसुद्धा दुसऱ्या एका हॉस्पिटलातून विचारणा झाली होती आणि उत्तर मिळालं होतं की असं होऊच शकत नाही. "बग सगळ्यांच्या हातून होतात गं," तुम्ही म्हणालात, "असं होऊच शकत नाही हे वाक्य जिथे पटकन तोंडातून येतं तिथे जाऊ नकोस."

त्या रात्री मला माझ्या आधीच्या जॉबमधला एक शुक्रवार आठवत राहिला. आमच्या अॅपमधून लोकांना चुकीचा अलर्ट गेला होता, तासाभरात फिक्स टाकला, एकमेकांना शाबासकी दिली आणि तो अलर्ट किती जणांना गेला, त्यांनी त्यावर काय केलं, हे कोणी मोजलंसुद्धा नाही. मीही नाही. त्याची लाज मला तुमच्याशी बोलल्यावर वाटली, आधी वाटली नव्हती.

मग तुम्ही दोन संध्याकाळी माझ्यासोबत बसलात, यासाठी तर किती आभार मानू. एफडीएची, म्हणजे औषधं आणि मेडिकल डिव्हाइसवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकन सरकारी संस्थेची, वॉर्निंग लेटर्स आणि रिकॉलच्या, म्हणजे माल परत मागवल्याच्या, नोंदी कोणालाही वाचता येतात हे मला माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी मी नुसते आकडे बघून घाबरले असते. इन्फ्युजन पंपांबद्दल २००५ ते २००९ मध्ये गडबडीचे साधारण ५६ हजार रिपोर्ट आणि ८७ रिकॉल, हे वाचून मी ऑफर नाकारायलाच निघाले होते. तुम्ही थांबवलंत. रिपोर्ट आला म्हणजे दोष मशीनचाच असं सिद्ध होत नाही, ज्याचे पंप जास्त त्याचे रिपोर्टही जास्त, आणि जिथे तक्रारच येत नाही तिथे ती कोणी लिहून घेत नाही असंही असू शकतं. रिकॉल दिसला की बघायचं, गडबड आधी कोणाच्या लक्षात आली, कंपनीच्या की हॉस्पिटलच्या, आणि पहिल्या तक्रारीपासून किती महिने गेले. आणि एकाच मुद्द्यावर दुसऱ्यांदा लेटर आलं असेल तर कापा (CAPA), म्हणजे चूक दुरुस्त करून ती परत होऊ नये म्हणून करायची कारवाई, फक्त कागदावर बंद केलेली असते, असं म्हणताना तुमचा आवाज बदलला होता. त्यामागे काय होतं ते मी विचारलं नाही, तुम्हीही सांगितलं नाहीत.

तुम्ही गोड काहीच सांगितलं नाहीत हेही मला फार मोलाचं वाटतं. एका ओळीच्या बदलासाठी महिनोन्‌महिने व्हेरिफिकेशन चालेल, रिस्क फाइल, म्हणजे मशीनच्या सगळ्या धोक्यांची नोंद, परत उघडावी लागेल, क्वार्टर संपत आला की सेल्सचा जोर येईल, आणि कंपनी एवढी मोठी की नर्सने लिहिलेलं वाक्य चार डिपार्टमेंटांतून फिरून तुझ्यापर्यंत येईतो त्यातली नर्स गळून गेलेली असेल.

पुढच्या राउंडला मी तोच प्रश्न तीन जणांना विचारला. मॅनेजर संस्कृतीबद्दल छान बोलले, पण तक्रारीबद्दल नाही. क्वालिटीच्या मॅडमनी बोर्डवर सगळ्या पायऱ्या काढून दाखवल्या. तिसरे सर्व्हिस इंजिनिअर, ते आधी जरा गप्प बसले आणि मग म्हणाले की एकदा एका बटणाबद्दल त्यांनी लिहिलं होतं, एकदा दाबलं तरी कधीकधी दोनदा लागतंय, म्हणजे १० चे १०० होऊ शकतात, आणि त्यांच्या त्या नोटवर माल पाठवणं थांबलं होतं. पुढे काय निघालं, ते कोणी आणि कधी त्यांना कळवलं, हेही त्यांना आठवत होतं. मी वहीत फक्त एवढंच लिहिलं, "उत्तर परत आलं."

ऑफर घेतली ताई. पण नव्या फीचर्सच्या टीमऐवजी कंप्लेंट इन्व्हेस्टिगेशनमध्ये जागा मागितली, एक लेव्हल खाली मिळाली, चालेल म्हटलं. घरी अजून नीट पटलेलं नाहीये, तो विषय हळूहळू निघेल.

गेल्या मंगळवारी पहिली फाइल माझ्या नावावर आली. तपशील तुम्हाला सांगता येणार नाही आणि तुम्ही विचारणारही नाही. समरीत लिहिलं होतं की युजरची चूक दिसते. मी आधी नर्सने स्वतः लिहिलेलं मूळ वाक्य शोधून काढलं, मग त्याच मॉडेलचा पंप मागवून घेतला आणि तिने ज्या क्रमाने बटणं दाबली असं लिहिलंय त्या क्रमाने दाबत बसले, भराभर, पुन्हा पुन्हा. अजून काही सापडलेलं नाही. फाइल उघडीच ठेवलीये.

तुमचीच,
दोन संध्याकाळी तुमचं डोकं खाणारी