मृत जन्माच्या नोंदीही शोधा आणि जपा

संपादक साहेब, नमस्कार.

२०२३ पासून कुणबी नोंदींच्या निमित्तानं सांगली-साताऱ्यात घरोघरी वंशावळी निघाल्या, तशी आम्हीही काढली. गाव नमुना १४ (गावचं जुनं जन्म-मृत्यूचं रजिस्टर) बघितला, मोडी वाचणाऱ्याला गाठलं, हेळव्याकडनं, म्हणजे वंशावळी सांगत फिरणाऱ्याकडनं, वरच्या पिढ्या लिहून घेतल्या. मोठ्या कागदावर सगळी नावं मांडली आणि आई म्हणाली, "थोरल्याला कुठं लिवलंय?" आम्ही गप्पच झालो, कारण थोरला तर मीच. तिचं पहिलं बाळ, मुलगा, १९७८ ला उपजतच गेला. आई आजपण "मला चार" असंच सांगते, आम्ही तिघं आहोत.

मग मी त्याची नोंद शोधायला लागलो. आमच्या तासगाव तालुक्यातल्या गावात विचारलं तर "मेलेल्या मुलाची कुठं नोंद असती व्हय" असं ऐकून परत आलो. पण असते साहेब, १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात आणि त्याच्या नियमांतच आहे, २८ आठवडे किंवा जास्त दिवस भरून मूल मेलेलं जन्मलं तर त्याची नोंद करायची. त्याचं रजिस्टर जन्माच्या आणि मृत्यूच्या रजिस्टरपेक्षा वेगळं असतं आणि लोक तिथंच चुकतात, ही दोन बघतात आणि परत फिरतात. दुसरी चूक माझीपण झाली, नोंद बाळंतपण जिथं झालं तिथं होते आणि पहिलं बाळंतपण म्हणजे माहेर, आईचं माहेर कराड तालुक्यात. तिथं पंचायतीत ग्रामसेवकांनी कपाटाच्या तळातनं रजिस्टर काढून दिलं, कोपरे वाळवीनं खाल्लेले. बाळाच्या नावाचा रकाना त्यात नाही, म्हणून आईवडलांच्या नावावरनं आणि साल धरून शोधावं लागतं. तासभर पानं उलटल्यावर एक ओळ सापडली, तारीख, पुरुष, खाली आईवडलांची नावं. आईला गाडीत बसवून दुसऱ्या दिवशी परत नेलं. तिला वाचता येत नाही, मी वाचून दाखवलं तर ती त्या ओळीवर बोट ठेवून किती वेळ बसली होती.

आता माझी विनंती. कुणबी नोंदींसाठी जुनी रजिस्टरं स्कॅन झाली, फार चांगलं काम झालं. पण मृत जन्माच्या रजिस्टरवर कुणाला दाखला काढायचा नसतो, त्यामुळं ती कुणी मागत नाही आणि तशीच कुजतायत. दोन्ही जिल्हा परिषदांनी ती पण स्कॅन करून घ्यावीत, आणि नोंद मागायला कुणी आलं तर नीट बसवून दाखवावी, येणारी बहुतेक म्हातारी माणसं असतात, त्यांना हेलपाटे नकोत. ज्यांच्या घरात असं मूल गेलंय त्यांनी आई, आत्या, मावशी हयात आहेत तोवर साल आणि गाव विचारून ठेवा.

आमच्या वंशावळीत आता आईच्या खाली पहिला चौकोन त्याचा आहे. नाव आईनं सांगितलं, तिनं तेव्हाच ठरवलं होतं म्हणे.

— एक वाचक, ता. तासगाव, जि. सांगली